भिंतीवर टांगायची कपड्यांची मांडणी : विटांची भिंत आणि मातीची भिंत, दोन्हीकडे कशी बसवायची?

दारव्हा_शिवार

नमस्कार मंडळी. गावातलं घर आहे. समोरची खोली नवी : नऊ इंची विटांची भिंत, सिमेंटची जोडाई, दोन्ही बाजूंनी प्लास्टर, वर स्लॅब. मागची खोली जुनी : दीड फुटाची मातीची भिंत, वर कवेलू. दोन्हीकडे लोखंडी आलमाऱ्या आहेत. त्या जागा अडवतात आणि पावसाळ्यात मागून गंजतात. म्हणून भिंतीवर टांगायची मांडणी करायची आहे : उभे खाचांचे चॅनल, त्यात अडकणारे ब्रॅकेट, फळ्या आणि हँगरसाठी दांडी.

नव्या खोलीत ८ फूट रुंद भिंत मोकळी आहे, जुन्या खोलीत ७ फूट. ऑनलाइन तयार संच पाहिले. त्यासोबत छोट्या पांढऱ्या गिट्ट्या (स्क्रू धरायला भिंतीतल्या भोकात घालायच्या प्लॅस्टिकच्या नळ्या) आणि इंच-सव्वा इंचाचे स्क्रू येतात. ते आपल्या भिंतीत धरतात का? चॅनल किती अंतरावर लावायचे, किती सामान लागेल, दांडी किती उंचीवर? घरात मी आणि सासूबाई, दोघींची उंची पाच फुटांच्या आतबाहेर, हेही धरून सांगा. आणि मातीच्या भिंतीवर हे काम होते का, की तो विचारच सोडून द्यायचा?

ओळंबा

ताई, आधी भिंतीचं पाहा, संचाचं नंतर. ते तयार संच बहुतेक करून लाकडी सांगाड्यावर जिप्सम बोर्ड ठोकलेल्या परदेशी भिंतींसाठी बनलेले राहतात. तिकडे दर १६ इंचांवर आत लाकूड असते, त्यात आखूड स्क्रूही घट्ट बसतो. आपल्याकडे इंच-सव्वा इंचाचा स्क्रू अर्धा प्लास्टरमध्येच संपतो. प्लास्टर वजन धरत नाही, वीट धरते. सोबत आलेल्या गिट्ट्या-स्क्रू बाजूला ठेवा.

भिंतीची परीक्षा अशी करा. जिथे चॅनल येणार तिथे ५ मिमीच्या बिटने एक भोक पाडा आणि पडणारा भुगा कागदावर घ्या. वरचा करडा थर सरला की भुगा लाल आणि कोरडा आला पाहिजे, म्हणजे बिट विटेत आहे. सलग करडाच येत राहिला तर बिट सांध्यात आहे, किंवा वीट फ्लाय अ‍ॅशची आहे. नागपूर-चंद्रपूरकडे वीजकेंद्रांच्या राखेच्या विटा भरपूर वापरतात, त्यांचा भुगाही करडाच. फरक जोरात कळतो : राखेची वीट सारखा विरोध करते, सांध्यात बिट मधेच सुटल्यासारखं आत जाते. तपकिरी, दमट, बोटाला चिकटणारा भुगा आला तर जोडाई मातीची आहे, वरून कितीही गुळगुळीत प्लास्टर असो. जुन्या घराला नंतर सिमेंट प्लास्टर केलेलं असते तिथे हा घोटाळा नेहमी होतो.

भट्टीतल्या विटेतही फरक आहे. पिवळट, कमी भाजलेली वीट ड्रिलच्या हॅमरने आतून भुगा होते आणि ८ मिमीचं भोक १० चं होऊन बसते. म्हणून पहिली इंचभर हॅमर बंद ठेवून पाडा. वीट कडक लागली तरच हॅमर चालू करा. व्होल्टेज उतरलेलं असताना भोकं पाडू नका. ड्रिल मंद फिरते, माणूस अंगाचा जोर लावतो, हात हलतो आणि भोक तोंडाशी लांबट होते.

आता मापं. आतलं प्लास्टर साधारण १२ ते १५ मिमी धरा. गिट्टी ८ बाय ५० मिमीची, नायलॉनची घ्या. चांगली गिट्टी दाबली तर वाकते, तुटत नाही. भोक ८० मिमी खोल. बिटला त्या मापावर चिकटपट्टी गुंडाळा म्हणजे अंदाज चुकत नाही. भुगा फुंकून किंवा सायकलच्या पंपाने पूर्ण बाहेर काढा. भुगा राहिला की गिट्टी अर्ध्यावर अडते, आणि वरून ठोकली की तिचं तोंड चेपते. मग खिळ्याच्या डोक्याने गिट्टी प्लास्टरच्या पातळीपासून १५ मिमी आत ढकला. हे फार महत्त्वाचं आहे. गिट्टीचं तोंड प्लास्टरमध्येच राहिलं तर स्क्रू कसताना ती तिथे फुगते आणि प्लास्टरचा वाटीएवढा पोपडा निघतो. स्क्रू १० नंबरचा, ७५ मिमी. चॅनलची जाडी, आत ढकललेले १५ मिमी, गिट्टीचे ५० आणि पुढे थोडं टोक, अशी ती बेरीज आहे.

एकेक सुटा एल ब्रॅकेट न लावता लांब चॅनल का, तेही समजून घ्या. १४ इंच खोल फळीवर २५ किलो कपडे सारखे पसरले, तर त्यांचा भार भिंतीपासून ७ इंचांवर धरायचा. दोन ब्रॅकेट असले तर प्रत्येकाला साडेबारा किलो. एल ब्रॅकेटचा वरचा स्क्रू खालच्या टोकापासून ५ इंचांवर असेल तर त्याला बाहेर ओढणारा जोर साडेबारा गुणिले ७ भागिले ५, म्हणजे साडेसतरा किलो. तेवढा जोर एकट्या स्क्रूवर, रोज. तोच ब्रॅकेट सहा फुटी चॅनलमध्ये अडकला की जोर वरच्या-खालच्या तीन-चार स्क्रूंत वाटला जातो. चॅनल थोडा वाकतो म्हणून वाटणी सारखी होत नाही, भरलेल्या फळीजवळच्या स्क्रूला जास्त येते. त्यासाठीच दर १०-१२ इंचांवर स्क्रू पाहिजे. वर एक, खाली एक लावून भागत नाही.

स्वयंपाकघरातली भांड्यांची मांडणी दोन खुंट्यांवर वर्षानुवर्षं टिकते, म्हणून लोक कपड्यांचंही तसंच करतात. भांड्यांची मांडणी उथळ असते, तिचं वजन भिंतीला चिकटून राहते. कपड्यांची दांडी भिंतीपासून १२ इंच पुढे असते.

खोलीला सलग लिंटेल पट्टी (दार-खिडक्यांच्या वरून जाणारी काँक्रीटची पट्टी) असेल तर चॅनलचा वरचा स्क्रू त्यात घ्या. साधारण ७ फुटांवर तिची खालची कड असते. त्या काँक्रीटमधला एक स्क्रू विटेतल्या दोन-तीन स्क्रूंचं काम करतो. तिथे हॅमर लागेलच. सळई लागली आणि बिट किंचाळायला लागलं तर जबरदस्ती करू नका, चॅनलच्या पुढच्या भोकावर जा.

वायरिंग आतून असेल तर बोर्डाच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक पाडू नका, वायर तिथूनच उभी गेलेली असते. काम करताना त्या खोलीची लाइन बंद, ड्रिलसाठी दुसऱ्या खोलीतून बोर्ड ओढा.

वाढईकाम_उमरेड

भिंतीचं वर आलंच आहे. मी चॅनल आणि फळीचं सांगतो.

८ फुटांच्या भिंतीला ५ चॅनल. डाव्या कोपऱ्यापासून ६, २७, ४८, ६९ आणि ९० इंचांवर. म्हणजे दोन चॅनलमध्ये २१ इंच आणि दोन्ही टोकांना फळी ६-६ इंच बाहेर. १८ मिमीच्या प्लायला २४ इंचांपर्यंत अंतर चालते. ३० वर कपड्यांच्या थप्प्या ठेवल्या की वर्षभरात मधे झोल पडतो. १२ मिमीचा प्लाय घ्यायचा असेल तर १६ इंचांवर चॅनल घ्यावे लागतील, म्हणजे वाचलेला पैसा चॅनलमध्ये गेला.

चॅनल विकत घेताना पत्र्याची जाडी पाहा. दीड मिमीच्या खाली नको. पातळ चॅनलची खाच वजनाने उघडते, ब्रॅकेटचं नाक खाली झुकते आणि फळी पुढच्या बाजूला उतरती होते. दुकानात एक ब्रॅकेट अडकवून टोकाला हाताने खाली दाबा. मुळाशी खेळ जाणवला तर तो माल ठेवून द्या. नागपूरला जाणं होत असेल तर इतवारीतल्या लोहाओळीत हाताळून घेता येईल.

बसवताना चूक होते ती इथे : चॅनल कापून लहान केला की कापलेलं टोक नेहमी खाली. सगळ्यांचं अखंड टोक वर. वरून खाचा मोजल्या म्हणजे पाचही चॅनलच्या खाचा एका रेषेत येतात. एकाचं जरी उलटं झालं तर खाच अर्ध्या अंतराने सरकते आणि फळी कधीच पाणसळीत बसत नाही, मग लोक फळीखाली कागदाच्या घड्या कोंबत बसतात.

क्रम असा ठेवा. पहिला चॅनल फक्त वरच्या स्क्रूवर सैल टांगा. ओळंबा सोडून तो उभा सरळ करा, मगच बाकीची भोकं पेन्सिलने आखा. तो पक्का झाला की शेवटचा, पाचवा चॅनल घ्या. दोघांत वरून त्याच नंबरच्या खाचेत ब्रॅकेट अडकवा, वर सरळ पट्टी आणि तिच्यावर पाणसळ. आठ फुटांची पट्टी नसेल तर पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढा, तीच जास्त बिनचूक. दोन टोकं पक्की झाली की वरून दोरी ताणा आणि मधले तीन त्या दोरीला लावा. स्लॅबपासून किंवा फरशीपासून माप घेऊन चॅनल लावू नका. फरशीला पाणी जायला उतार दिलेला असतो आणि तोच फळ्यांत येतो.

भिंतीची गोलाई तपासा. सरळ पट्टी उभी धरली तर खेड्यातल्या प्लास्टरमध्ये दोन-चार सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) खड्डा निघतोच. चॅनल तसाच कसला तर तो खड्ड्यात ओढला जाऊन वाकतो आणि ब्रॅकेट खाचेत जात नाहीत. त्या जागी मागून अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, सनमायकाचे तुकडे किंवा वॉशर घाला. पुठ्ठा नको, ओल धरून दबतो. लाकडी पाचरही नको.

त्यावरून आठवलं : भिंतीत मोठं भोक पाडून लाकडाची गुल्ली ठोकायची जुनी पद्धत आहे, काही मिस्त्री अजून तीच सांगतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात गुल्ली सुकून सैल होते, पावसाळ्यात फुगते, आणि उधईला (वाळवीला) भिंतीतून आत यायला ती सोयीची वाट होते. नको.

पाच चॅनल, सहा फुटी, प्रत्येकी ७ स्क्रू, म्हणजे ३५. गिट्ट्या आणि स्क्रू ५०-५० आणा. ब्रॅकेट : सगळ्यात वरची सलग ८ फुटी फळी ५, उजव्या अर्ध्यात आणखी ४ फळ्या प्रत्येकी ३ म्हणजे १२, डाव्या अर्ध्यात खालच्या दांडीला ३ (वरची दांडी वरच्या फळीच्याच ब्रॅकेटला लागते). एकूण २०. फळ्यांचे ब्रॅकेट १४ इंची. दांडीची पकड भिंतीपासून १२ इंचांवर येईल असे. दांडी ४ फुटी दोन, २५ मिमी स्टीलचा पाइप, भिंतजाडी १.२ मिमी. मधल्या ब्रॅकेटचा आधार आहे म्हणून झुकणार नाही.

प्लाय : दुकानदार एमआर (ओलसरपणा सोसणारा) दाखवेल, तो स्वस्त पडतो. तुम्ही बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही टिकणारा) मागा, तक्त्यावर आयएस ३०३ हा भारतीय मानक क्रमांक आणि बीडब्ल्यूआर दोन्ही छापलेलं पाहा. मरीन प्लाय, आयएस ७१०, कपड्यांसाठी गरजेचा नाही. ८ बाय ४ च्या तक्त्यातून १४ इंची पट्ट्या ८ फूट लांबीच्या तीन निघतात. त्यातली एक सलग वरची फळी, दोनांचे अर्धे अर्धे करून उजवीकडच्या चार. म्हणजे एका तक्त्यात काम होते. कडेची साडेपाच इंचांची चिरी उरते, तिच्यातून फळ्यांची पुढची पट्टी काढा. भुशाचा पार्टिकल बोर्ड घेऊ नका. कापलेल्या कडेतून ओल आत शिरली की तो फुगतो आणि पुन्हा जागेवर येत नाही. प्लायच्याही चारही कडा पट्टी लावून किंवा प्रायमरने बंद करा, फक्त दर्शनी कड नाही.

नीटनेटकं

उंचीचं मी सांगते, कारण बहुतेक आराखडे उंच माणूस धरून काढलेले राहतात. त्यात वरची दांडी ८० इंचांवर असते. पाच फुटांच्या बाईचा हात टाचा न उचलता साधारण ७५ इंचांपर्यंत जातो. तेव्हा तुमची वरची दांडी ७५ वर, खालची ३८ वर आणि वरची फळी ७९ वर घ्या. हँगरसह शर्ट किंवा कुर्ती ३६-३७ इंच लोंबते, म्हणजे वरच्या दांडीवर ती बसते. खालच्या दांडीवर दुमडून टांगलेल्या पँटी, ब्लाउज, मुलांचे कपडे. लांब गाऊन किंवा अनारकली असतील तर ४ फुटांतला एक भाग खालच्या दांडीशिवाय मोकळा सोडा, म्हणजे तिथे खालची दांडी दोन फुटीच घ्या.

साड्या हँगरवर की घडीत, हे आधी ठरवा. जरीच्या साड्या टांगू नका, घडीवर ताण येऊन जरीची तार तिथेच मोडते. त्या सुती कापडात गुंडाळून उजवीकडच्या फळीवर, एकावर एक पाच-सहाच्या वर नको. रोजच्या सुती साड्यांसाठी दोन फळ्यांत १० इंचांचं अंतर पुरते. १४-१५ इंच ठेवलं की थप्पी उंच होते आणि खालची साडी ओढताना सगळी कोसळते.

वाकळा, गोधड्या, रग वरच्या फळीवर चढवू नका. सगळ्यात जड सामान सगळ्यात खाली. खालची फळी जमिनीपासून १६ इंचांवर घ्या. तिच्या खाली झाडू-पोछा फिरतो, आणि उधईची मातीची नळी भिंतीवरून चढायला लागली तर लगेच दिसते. जमिनीला टेकलेल्या आलमारीमागे उधई फळी पोखरल्यावरच दिसते.

आणखी एक. कूलर कोणत्या खिडकीत बसतो ते पाहून भिंत निवडा. एप्रिल ते जून कूलरची ओली हवा समोरच्या भिंतीवरच जाते आणि उघड्या मांडणीतले कपडे कुबट होतात, स्टीलच्या दांडीवरही डाग येतात. कूलरच्या समोरची आणि कूलर असलेली, दोन्ही भिंती सोडा. दुसरा इलाज नसेल तर पुढे जाड सुती पडदा लावा. धुळीसाठी तो तसाही लागेलच. प्लॅस्टिकचा पडदा आत घाम धरतो.

लोखंडकाम_वणी

मातीच्या भिंतीवर टांगायचं नाही, ताई. कितीही लांब स्क्रू घ्या, गिट्टी आत माती दाबून जागा करते आणि पावसाळ्यात माती नरम झाली की निघते. पण विचार सोडायची गरज नाही. वजन जमिनीवर उतरवा, भिंतीला फक्त पाठ टेकवा.

४० बाय ४० मिमीचा चौकोनी पाइप, २ मिमी जाड. उभे चार, प्रत्येकी ७ फूट. ७ फुटांच्या भिंतीत ६, ३०, ५४ आणि ७८ इंचांवर. प्रत्येकाच्या तळाला पुढे १६ इंचांचा पाय वेल्ड करा. हा पाय नसेल तर भरलेली मांडणी पुढे कलते. वर आणि खाली ७-७ फुटांचा आडवा. पाइप साधारण २० फुटी लांबीत मिळतो : दोन लांब्यांतून प्रत्येकी दोन उभे आणि दोन पाय, तिसऱ्या लांबीतून दोन आडवे. तीन लांब्यांत होते. मग खाचांचे चॅनल या पाइपांवर ६ मिमीच्या नटबोल्टने किंवा सेल्फ ड्रिलिंग स्क्रूने लावा. ब्रॅकेट-फळ्या वरच्यासारख्याच.

जमीन सारवलेली असेल तर पायाखाली ९ बाय ९ इंच, ६ इंच खोल काँक्रीटचा ठोकळा ओता. शहाबादी फरशी असेल तर पायाखाली १०० बाय १०० बाय ५ मिमीची पट्टी वेल्ड करा, नुसता पाइप फरशी फोडतो. पाइपची उघडी तोंडं झाकणं लावून बंद करा, नाहीतर आत पाणी आणि किडे.

वरच्या बाजूला सांगाडा मयालीला (छपराच्या आडव्या लाकडी तुळईला) बांधा, पण खिळून टाकू नका. कवेलूचं छप्पर पावसात जड होऊन थोडं बसते, आणि घट्ट बांधलं तर छपराचं वजन तुमच्या मांडणीवर येते. पट्टीला उभं लांबट भोक पाडून त्यातून बोल्ट घ्या, म्हणजे मयाल खाली-वर झाली तरी सांगाडा पुढे येत नाही पण दबतही नाही.

भिंत आणि सांगाडा यांत २ इंच फट ठेवा. मातीची भिंत श्वास घेते, तिला चिकटून फळी आली की मागे बुरशी धरते. त्या भिंतीवर सिमेंट प्लास्टर करून मग मांडणी लावायचा विचार कोणी सांगितला तर करू नका, ओल आत कोंडते आणि प्लास्टर पापुद्र्यासारखं सुटते. सांगाड्याला रेड ऑक्साइडचा एक हात, वर एनॅमलचे दोन. वेल्डच्या जागा आधी ग्राइंडरने साफ करा, गंज तिथूनच सुरू होतो.

दारव्हा_शिवार

फार उपयोगी. नव्या खोलीत तीन जागी ५ मिमीची भोकं पाडून पाहिली. दोन ठिकाणी लाल कोरडा भुगा. तिसऱ्या जागी, खिडकीच्या बाजूला, बिट फुसकन आत गेलं आणि करडा भुगा आला. तिथेच खिडकीच्या कोपऱ्यातून वर जाणारी तिरपी भेग पण आहे, बारीक. त्या जागी चॅनल येतो. काय करू? आणि एखाद्या भोकात गिट्टी सैल फिरायला लागली तर?

ओळंबा

फुसकन गेलं ते विटांमधला सांधा, नीट भरला न गेलेला. विटेची उंची जोडाईसह साधारण ३ ते साडेतीन इंच असते. भोक पाऊण-एक इंच वर किंवा खाली घेतलं की वीट लागायला पाहिजे. चॅनलला भोकं भरपूर असतात, ठरावीक भोकच पकडून बसू नका. दोन भोकांत मात्र २ इंचांपेक्षा कमी अंतर ठेवू नका, मधला भाग फुटतो.

गिट्टी फिरायला लागली तर काडी, सुतळी किंवा दुसऱ्या गिट्टीचा तुकडा कोंबू नका. त्या दिवशी घट्ट वाटते, वजनाखाली हळूहळू सरकते. १० मिमीच्या बिटने भोक साफ करून १० मिमीची गिट्टी आणि जाड स्क्रू घ्या. चॅनलचं भोक लहान पडलं तर ते वाढवू नका, चॅनल तिथे कमजोर होते. अशा वेळी भोक धुळीविना करून, आत पाणी शिंपडून, न आक्रसणाऱ्या ग्राउटने (सिमेंटच्या पातळ गाऱ्याने) भरा. ओलं असतानाच ८ मिमीची गिट्टी दाबून बसवा आणि तीन दिवस हात लावू नका. वीट आतून पोकळच झाली असेल तर जाळीची नळी घालून केमिकल अँकर (भोकात भरल्यावर कडक होऊन धरणारं रसायन) वापरा. महाग आहे, पण एक-दोन भोकांपुरतंच लागते.

काळीमाती

भेगेचं थोडं जास्त सांगतो, कारण दारव्ह्याकडे जमीन काळी आहे. ती माती उन्हाळ्यात आक्रसते, पावसाळ्यात फुगते, आणि पाया उथळ असेल तर भिंत तिच्यासोबत हलते. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरपी भेग बहुधा तीच. अशी भेग मे महिन्यात रुंद आणि ऑगस्टमध्ये बारीक दिसते.

भेग जिवंत आहे की जुनी, ते असं कळते : भेगेवर आडवा, रुपयाच्या नाण्याएवढा, पातळ प्लास्टर ऑफ पॅरिसचा ठिपका द्या. त्यावर पेन्सिलने तारीख लिहा. असे दोन-तीन, वर-खाली. ठिपका एका ऋतूत चिरला तर भेग हलते आहे. नुसत्या एका महिन्यावर निर्णय घेऊ नका, माती सुकण्यापासून भिजेपर्यंतचा काळ त्यात आला पाहिजे.

भेग हलत असेल तर तिच्या दोन्ही बाजूंच्या चॅनलवर एकच सलग फळी टाकू नका. भेगेपासून ६ इंच सोडून चॅनल घ्या आणि फळी तिथे तोडा. नाहीतर एक बाजू दोन सूत खाली गेली की फळी पिळते आणि ब्रॅकेट खाचेतून उचकटतो. तुमच्या आठ फुटांतला तेवढा कोपरा मांडणीतून वगळलात तरी चालेल, तिथे उभा आरसा लावा. घराभोवती पाणी साचू नये म्हणून तीन फुटांची पक्की पट्टी बाहेर उतार देऊन केली तर पायाजवळची माती कमी भिजते आणि भेगही कमी हलते.

वाढईकाम_उमरेड

सहमत. तसं केलं तर चार चॅनल ६, २७, ४८, ६९ वर ठेवा आणि फळी ७५ इंचांवर संपवा. पाचवा सोडून द्या. स्क्रू २८, ब्रॅकेट १६ पुरतात : वर ४, उजव्या चार फळ्यांना दोन-दोन म्हणजे ८, खालच्या दांडीला ३ आणि एक जादा. उजव्या फळ्या २७ इंची होतील, त्याला दोन ब्रॅकेट पुरेत. डावी बाजू तशीच.

दारव्हा_शिवार

शेवटचं विचारते. सगळं लावून झाल्यावर कपडे भरायच्या आधी वजन कसं तपासायचं? आणि रंग आधी की मांडणी आधी?

ओळंबा

रंग आधी, सुकल्यावर मांडणी. नवं प्लास्टर असेल तर महिनाभर सुकू द्या, मगच भोकं.

वजनासाठी २० लिटरचे पाण्याचे कॅन घ्या, एक भरलेला कॅन २० किलोच्या थोडा वर जातो. मधल्या फळीवर दोन चॅनलच्या मधोमध दोन कॅन, रात्रभर. त्याआधी प्रत्येक चॅनलच्या वरच्या टोकाभोवती पेन्सिलने रेघ मारून ठेवा. सकाळी चॅनल रेघेपासून हललेला दिसला, किंवा वरच्या टोकामागे नखाची कड जाईल एवढी फट पडली, तर वरचे दोन स्क्रू काढून त्या गिट्ट्या पाहा. गिट्टी स्क्रूसोबतच बाहेर आली तर भोक मोठं झालं आहे. स्क्रू एकटा आला आणि गिट्टी आत राहिली तर स्क्रू बारीक पडला. दोन्हीचा इलाज वेगळा, म्हणून नुसतं कसून पुढे जाऊ नका. कॅनची चाचणी एकेका फळीवर, सगळ्यांवर एकदम नको. दांडीवर कॅन टांगू नका, तिथे एका जागी एवढं वजन कधीच येत नाही. हँगरला कपड्यांच्या पिशव्या अडकवून सारख्या अंतरावर २० किलो भरा.

पहिला पावसाळा संपला की सगळे स्क्रू एकदा हाताच्या पेचकसने पाहा. ड्रिलने कसू नका, गिट्टीचे आतले दात मोडतात.

लोखंडकाम_वणी

मागच्या खोलीतल्या सांगाड्याचे बोल्टही तेव्हाच पाहा. मयालीचा लांबट भोकातला बोल्ट मधोमध आहे ना, तेवढं बघा. तो भोकाच्या एका टोकाला टेकला असेल तर छप्पर बसलं आहे. बोल्ट सैल करून पट्टी पुन्हा मधोमध आणा आणि वरची कवेलू कुठे सरकली ते पाहून घ्या.